उसना हात

तलासरी नाक्यामागे दक्षाबेनच्या अभ्यासिकेत खिडकीजवळचा एकच प्लग चालू होता, आणि सप्टेंबरातल्या एका पावसाळी सकाळी त्यावर एकदम दोन हात आले.

एक हात जयश्रीचा. दुसरा कुणाचा हे बघायला तिने मान वर केली, तर समोर एक उंचेला तरुण. चष्म्यावर पावसाचे थेंब, खांद्याला भिजलेली बॅग आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव.

"सॉरी… तुम्ही लावा," तो म्हणाला.

"नको, तुमचा हात आधी आला."

"पण तुमची नजर आधी गेली होती त्याच्यावर. मी दारातून बघत होतो."

"दारात उभं राहून लोकांच्या नजरा बघता का?"

त्याने मुकाट्याने बॅगेची चेन उघडली आणि आतून एक लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढला. हा माणूस जेवणाचा डबा विसरेल, पण बोर्ड विसरायचा नाही, असं जयश्रीला वाटून गेलं.

"प्लग तुमचा, बोर्ड माझा. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि हसू लपवायला लॅपटॉपच्या वायरची गाठ सोडवत बसली. गाठ नव्हतीच.

दक्षाबेनचं खाली झेरॉक्सचं दुकान, वर अभ्यासिका, त्याच्यावर गच्ची. तिन्ही मजल्यांवर त्यांचंच राज्य. पोलीसभरती, तलाठीभरती, बँकेच्या परीक्षा, तालुक्यातली सगळी आशा त्यांच्या बाकांवर पुस्तकात डोकं घालून बसलेली असायची. नियम एकच. आत बोलायचं नाही. फोन आला की एक तर जिन्यात जा नाही तर गच्चीवर. दुपारचा चहा झाला की दक्षाबेन खालून स्टीलच्या थाळीवर उलथनं हाणत, ठण् ठण् ठण्! पहिल्या दिवशी तो तरुण खुर्चीतून उडालाच.

"आग लागली का?"

"चहा झाला," जयश्री म्हणाली.

खाली चहा घेताना नावं कळली. तो जतीन. डहाणूचा, पार समुद्राकडचा. घरची चिकूची वाडी.

"मग इतक्या लांब तलासरीला कशाला येता? डहाणूत वीज नाही का?"

"आहे. पण डहाणूत सगळे मला ओळखतात."

"ओळखलेलं बरंच की."

"कधी कधी नसतं," तो कपात बघत म्हणाला. मग घाईने, "तुम्ही काय करता?"

"शिकते. सॉफ्टवेअरचं काम."

"अरे वा. मी शिकवतो. सॉफ्टवेअरच."

"क्लास आहे तुमचा?"

"तसंच समजा. शेवटची बॅच आहे."

खोटं दोघंही बोलले नव्हते. पण खऱ्याला बरंच आखडून घेतलं होतं, हेही खरं.

जयश्रीचं खरं असं होतं. झरीतल्या त्यांच्या पाड्यावरची ती पहिली इंजिनीअर. कॉलेज शिष्यवृत्तीवर निभावलं. पण नंतर नोकरीची हमी देणारा पुण्यातला एक महागडा क्लास तिने शैक्षणिक कर्ज काढून केला. क्लासने सर्टिफिकेट दिलं, हमी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कर्ज मात्र राहिलं. दोन वर्षं वणवण केल्यावर वापीतल्या एका छोट्या कंपनीने तिला ऑनलाइन कामासाठी ट्रेनी म्हणून घेतलं होतं. या कंपनीला काम मिळायचं मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून, त्या मोठ्या कंपनीला ते मिळायचं परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीकडून. उताराकडे पाणी जावं तसं ते काम स्वस्ताईकडे सरकत सरकत जयश्रीच्या लॅपटॉपपर्यंत आलं होतं.

मुंबईच्या कंपनीतला जो माणूस ते वर्षानुवर्षं करत होता, त्यानेच ते तिला शिकवायचं होतं. ऑफिसच्या भाषेत याला केटी म्हणतात. जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती सगळं सोपवून जायचं. रोज कॉल. कॅमेरा बंद, भाषा इंग्रजी, बोलणं रेकॉर्ड. नावंसुद्धा घ्यायची नाहीत. ती 'रिसोर्स थ्री', तो 'एक्स्पर्ट'. शेवटी उलटी परीक्षा, म्हणजे तिने सगळं एक्स्पर्टलाच समजावून सांगायचं. त्याने पास म्हटलं की तिची नोकरी पक्की. नापास म्हटलं तर तिच्या जागी दुसरा रिसोर्स.

हे कुणाला सांगायचं नाही अशी सही कंपनीने घेतली होती. शिवाय पंचविशी उलटल्यावर 'मी ट्रेनी आहे' म्हणायला जीभ जरा अडते. म्हणून ती जतीनला 'शिकते' एवढंच म्हणाली. कॉलच्या वेळी ती जिन्याच्या वळणावर जाऊन बसायची, आणि साधारण तेव्हाच तो गच्चीवर टाकीच्या सावलीत जायचा. त्याचाही क्लास तेव्हाच असतो, इतकंच तिच्या मनात यायचं.

दिवस सरत गेले. पाऊस आता मनाला येईल तसा पडत होता. जतीन रोज वर्तमानपत्रात बांधून चिकू आणायचा, आणि चहाबरोबर दोघं ते खायचे. दक्षाबेन लांबून बघायच्या आणि झेरॉक्स मशीनला गुजरातीत काहीतरी सांगायच्या.

"आमचे सर म्हणजे…" जयश्री एकदा वैतागून म्हणाली, "माणूस आहे की मशीन, कळत नाही. चुकलं तर रागावणार नाहीत. नुसतं 'अगेन, प्लीज. स्लोली.' सपाट आवाजात."

"बरं आहे की. माझी एक विद्यार्थिनी आहे, तिचे प्रश्नच संपत नाहीत. हे असं का, ते तसं का…"

"मग द्या ना उत्तरं. शिकवता ना?"

"देतो. पण खरं सांगू? इतकी वर्षं मी ते काम केलं, कुणी मला 'का' असं विचारलंच नाही. तिच्यामुळे मलाच नव्याने कळतंय, मी काय करत होतो ते."

हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला की जयश्रीला त्या न पाहिलेल्या विद्यार्थिनीचा उगाचच राग आला.

"दिसायला कशी आहे?"

"कॅमेरा बंद असतो."

"अरेरे."

"अरेरे का?"

"सहज," ती म्हणाली, आणि चिकूची बी जरा लांबच भिरकावली.

तो हसला. मग नवा चिकू उचलून दाबून बघू लागला. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसरा दिला. "तो उद्या खायचा. हा आज."

"तुम्हाला कसं कळतं?"

"माझी आय तुमच्याकडच्या वाड्यांमधे चिकू काढायला जायची. मी पण जायची सुट्टीत."

तो चिकू सोलायचा थांबला. "आमच्या वाडीत?"

"काय माहीत. आय मालकांची नावं सांगायची नाही कधी. झाडांचंच सांगायची."

"मी मालक वगैरे नाही हं," तो घाईघाईने म्हणाला.

"मग कोण?"

"मी… बोर्डवाला."

ती इतकी मोठ्याने हसली की दक्षाबेनने काउंटरवरून मान उंच केली. "बरं बोर्डवाल्या, ती सालं टाक त्या डब्यात."

'टाक' म्हणाली ती. दोघांनाही ते ऐकू आलं. कुणीच दुरुस्त केलं नाही, आणि त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं ते गेलंच.

ऑक्टोबरात शेतं पिवळी झाली.

"शनिवारी मी नाही," ती म्हणाली. "शेजारच्यांची भातकापणी आहे."

"तू कापणीला जाणार? मजुरीने?"

"मजुरी कसली! उसना हात. ते आमच्या कापणीला येतात, आम्ही त्यांच्या. संध्याकाळी निघताना त्या घरचं मोठं माणूस विचारतं, 'फिटलं का?' दोन्हीकडच्यांनी 'फिटलं' म्हणायचं. मग घरी."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"तर त्याला परत यावं लागतं. पण नाही कोण म्हणेल? दिवसभर वाकून कंबर मोडलेली असते."

"बँकेने असं विचारायला हवं," जतीन म्हणाला. "संध्याकाळी प्रेमाने. फिटलं का?"

ती हसली, पण त्याच्या आवाजातलं काहीतरी तिला टोचलं. बँकेचं नाव असं घेणाऱ्या माणसाला ती ओळखत होती. रोज आरशात बघायची.

तो मंगळवार होता. उलट्या परीक्षेला दोनच दिवस राहिले होते, आणि एरवी सकाळीच संपणारा कॉल आज चहाच्या वेळेपर्यंत लांबला होता. जयश्री जिन्याच्या वळणावर हेडफोन लावून बसली होती आणि एक्स्पर्ट शेवटचा भाग समजावून सांगत होता. खाली दक्षाबेनची थाळी वाजली. ठण् ठण् ठण्.

आणि क्षणभराने, बारीक, कानातल्या हेडफोनमध्ये पुन्हा वाजली. ठण् ठण् ठण्.

आपल्याच माइकचा आवाज परत आला असेल असं तिला वाटलं. तिने स्क्रीनवर पाहिलं. तिचा माइक बंद होता.

"वन मिनिट, प्लीज," एक्स्पर्ट म्हणाला. वर गच्चीत पावलं वाजली, आणि कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "दक्षाबेन, माझा कप झाकून ठेवा!"

तेही तिने दोनदा ऐकलं. एकदा वरून, एकदा कानात.

"सॉरी, रिसोर्स थ्री," तो सपाट आवाज इंग्रजीत म्हणाला. "व्हेअर वेअर वी?"

जयश्रीने भिंतीला पाठ टेकली. महिना झाला, हा आवाज ती सकाळी कानात ऐकत होती आणि दुपारी चहाबरोबर, आणि तिला कळलं नव्हतं. कळणार कसं? ऑफिसच्या इंग्रजीत माणूस आपला आवाज खुंटीला टांगून येतो. तिचाही कुठे तिचा राहायचा! मग हळूहळू बाकीचं लक्षात आलं. शेवटची बॅच. जाणारा माणूस. आणि त्याच्या जागी येणारी… ती स्वतः. 

चहाला ती गेली तेव्हा तो वाट बघत होता. ती काहीच बोलेना, तेव्हा तोच बोलू लागला. कदाचित तिच्या गप्प बसण्यानेच त्याला धीर आला असेल.

"जयश्री, मी क्लास घेत नाही. माझी नोकरी जातेय. माझ्या जागी येणार आहे तिला शिकवतोय. गुरुवारी तिची परीक्षा, महिनाअखेरीला मी मोकळा."

"घरी…?"

"घरी माहीत नाही. म्हणून तर इथे येतो. परदेशात जाऊन शिकून आलो ना, त्याचं कर्ज वाडीवर आहे. तिथे नोकरी मिळाली नाही, परत आलो, ही मिळाली, घरून करायची. आता हीसुद्धा… बाबांना वाटतं, पोरगं मार्गाला लागलं. त्यांना काय सांगू?"

"तिला नापास कर ना," जयश्री कप घट्ट धरून म्हणाली. "मग तुला थांबवून घेतील."

"एखादा महिना घेतील. नवा माणूस तयार होईपर्यंत. पण तिचं कायमचं जाईल." त्याने मान हलवली. "तिचा काय दोष? चांगली आहे गं ती पोरगी. तिलाही काहीतरी फेडायचं असेलच."

त्या क्षणी जयश्रीचं प्रेम जडलं असं म्हणायला हरकत नाही. खरं तर ते आधीच जडलं होतं. एक्स्टेंशन बोर्डापासूनच म्हणा हवं तर. पण आता ते तिला स्वतःला स्पष्ट कळलं, आणि कळलं तेव्हा त्याबरोबर एक निर्णयही झाला. तो करणार नसेल तर ती करेल. गुरुवारी ती चुकेल.

गुरुवारी परीक्षा दुपारी होती, आणि आकाश भरून आलं होतं. परतीचा पाऊस नाक्यावरच्या ट्रकांवर आदळत होता. जयश्री वळणावर, जतीन गच्चीच्या दारात.

"रिसोर्स थ्री, विम्याचा दावा नाकारला गेला तर पुढे काय होतं ते सांगा," एक्स्पर्टने इंग्रजीत विचारलं.

तिने चुकीचं सांगितलं.

"अगेन, प्लीज."

पुन्हा चुकीचं. पुढचा प्रश्न. तोही चुकीचा. ज्या उत्तरासाठी तिने त्याला आठवडाभर छळलं होतं, तेच ती वाकडंतिकडं करून देत होती.

"हे तुम्हाला येतं," तो हळू म्हणाला.

"नाही येत."

खाली थाळी वाजली. ठण् ठण् ठण्. आणि आज जयश्रीचा माइक चालू होता.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं आली, एक पायरी, थांबली, मग सावकाश खाली. ती वळली नाही. तो समोर येऊन दोन पायऱ्या खाली उभा राहिला तेव्हा तिला बघावंच लागलं. त्याच्या कानावर हेडफोन, तिच्या कानावर हेडफोन. दोघांच्याही तोंडापाशी चार बोटांवर चालू माइक. आणि कॉल रेकॉर्ड होत होता. एक शब्दही स्वतःचा बोलायची सोय नव्हती.

तो बघत राहिला. आश्चर्य, मग हसू, मग ती काय करत होती हे कळल्यावर डोळ्यांत आलेलं पाणी… सगळं एकामागोमाग त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. मग त्याने घसा साफ केला.

"रिसोर्स थ्री," तो त्याच सपाट इंग्रजीत म्हणाला, "अगेन, प्लीज. स्लोली."

तिने मान हलवली. नाही.

त्याने आवाज न करता, फक्त ओठांनी म्हटलं, "सांग ना."

जयश्रीने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून. दावा कसा येतो, कुठे अडतो, का अडतो. अडलेला कसा सोडवायचा. आणि मधे मधे 'का' ती स्वतःच विचारत होती आणि स्वतःच उत्तर देत होती. तो तिच्याकडे बघत ऐकत होता. महिनाभर ज्या आवाजाला चेहरा नव्हता, त्याला आता होता.

"अप्रूव्ह्ड," तो शेवटी म्हणाला. "नो फर्दर क्वेश्चन्स."

दोघांनी हेडफोन काढले. बाहेर पावसाचा जोर कमी झाला होता.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी. थाळीने."

"आणि आज मुद्दाम चुकत होतीस."

"तुला महिना मिळाला असता."

"आणि तुझं?"

"माझं मी बघितलं असतं."

"जयू," तो म्हणाला. हे नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "मला एक महिना कमी पडला तर चालेल. पण तू…"

"मी काय?"

"काही नाही. चहा निवतोय."

"सांग ना. अगेन, प्लीज," ती म्हणाली, आणि दोघंही हसता हसता जिन्यातच बसली. "त्या विद्यार्थिनीचा मला किती राग यायचा माहितीये?"

"आणि मला त्या सरांचा. म्हटलं, हा कोण दीडशहाणा तिला तीनतीनदा बोलायला लावतो!" तो थांबला. "मराठीत तू पाणी पितेस तशी बोलतेस. इंग्रजीत औषध घेतल्यासारखी. ओळखणार कसं?"

खालून दक्षाबेनचा आवाज आला, "चा ठंडी थई गई! प्यायची आहे के नाही तुमाला?"

चहा पिताना ती गंभीर झाली. "बाबांना कधी सांगणार?"

"रविवारी. चिकूची काढणी आहे. सगळे वाडीतच असतील."

"मी येते."

"तू? कशाला?"

"उसना हात. महिनाभर तू माझ्या शेतात राबलास. आता मी तुझ्या."

रविवारी सकाळी ती डहाणूला पोचली तेव्हा वाडीत काढणी सुरू झाली होती. झाडांखाली ओली सावली, पानांतून समुद्रावरचा वारा, आणि चिकूच्या चिकाचा तो गोडसर कडवट वास. लहानपणीचा. जतीनचे वडील, रामनाथ, क्रेट लावून घेत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "आज एक बाई जास्त आली का? बरं झालं. ती जाळीची काठी घे, त्या कोपऱ्यातल्या झाडाकडे जा."

जतीनचा चेहरा लालबुंद झाला. तो पुढे होणार तेवढ्यात जयश्रीने डोळ्यांनीच त्याला थांबवलं आणि काठी उचलली. मान वर, हात उंच, फळ जाळीत घेऊन हलकासा झटका. बरीच वर्षं झाली होती, पण हात विसरले नव्हते. तिच्या शेजारच्या झाडाखाली जतीन होता आणि त्याच्या जाळीत फळांपेक्षा पानंच जास्त येत होती.

"हळू," ती पुटपुटली. "स्लोली."

"गप."

संध्याकाळी रामनाथ एकेकीच्या हातात मजुरी ठेवत तिच्यापाशी आले.

"मला नको, काका. मी उसना हात फेडायला आले."

"कुणाचा?"

"माझा, बाबा," जतीन म्हणाला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. मजूर बाया निघून गेल्या होत्या, वाडीत तिघंच उरले होते. नोकरी, कॉल, तलासरी, महिनाअखेर. एकदाही न थांबता.

रामनाथ हाताला लागलेला चीक तेलाने सोडवत ऐकत होते. बराच वेळ सोडवत राहिले.

"म्हणजे तुझी नोकरी हिला मिळाली."

"नोकरी कंपनीने काढली, बाबा. हिला मी शिकवलं."

"आणि ही आपल्याकडे चिकू काढायला आली."

"हो."

त्यांनी तिच्या क्रेटमधला एक चिकू उचलून पाहिला, परत ठेवला. "बँकेचं आपण बघू. वाडी आहे, तुझे हात आहेत. दुसरं काम मिळेल, नाही मिळालं तर दुसरं काही करू. पण तू मला सांगितलं का नाहीस? मला वाटायचं, मी बाहेर पाठवलं म्हणून माझ्यावर रागावून गप्प असतोस." जतीनने त्यांच्या हातातला तेलाचा बोळा घेतला आणि त्यांचा दुसरा हात पुसायला लागला.

मग रामनाथ जयश्रीकडे वळले. "सकाळी मी तुला 'काठी घे' म्हटलं… चुकलं पोरी माझं. कोण, कुठची, विचारलंसुद्धा नाही."

"काठी तर मी घेणारच होते, काका. पण विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं."

त्यांनी मान डोलावली. "चहा घेतलास का?" आणि उत्तराची वाट न बघता, स्वतःच चहा सांगायला घराकडे गेले.

फाटकापाशी जतीन बाईक काढून उभा होता. संध्याकाळचं ऊन पानांवर पिवळं झालं होतं.

"विचार ना," जयश्री म्हणाली.

"काय?"

"तू घरचा आहेस. विचारायचं असतं."

त्याला कळलं. त्याने मान हलवली. "नाही विचारणार."

"का?"

"तू 'फिटलं' म्हणशील. मग तू यायची नाहीस." तो तिच्याकडे बघत होता, आणि आता मधे ना माइक होता ना रेकॉर्डिंग. "जयू, मला तू आवडतेस. बोर्डवाला होतो तेव्हापासून. हे मला फेडायचं नाहीये."

ती बाईकच्या आरशात स्वतःचे केस नीट करत राहिली. नीटच होते ते.

"आमची कापणी पुढच्या रविवारी आहे," ती म्हणाली. "विळा धरता येतो का?"

"नाही."

"मग ये."

तो आला. झरीच्या त्यांच्या खाचरात सकाळपासून वाकून राहिला. पेंढ्या वेड्यावाकड्या बांधल्या, अंगठ्याला कापून घेतलं, पाड्यावरच्या पोरींनी त्याची टर उडवली तर त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसला. दुपारी बांधावर भाकरी खाताना जयश्रीने त्याला नवी बातमी दिली. कंपनीने तिची नोकरी पक्की केली होती. आणि लगेच कळवलं होतं की यापुढे तिचं सगळं काम रेकॉर्ड होईल, म्हणजे एक प्रोग्रॅम ते बघून शिकेल.

"माझ्या जागेवर तरी माणूस आला होता," जतीन म्हणाला.

"हो ना. मी कुणाला चिकू देणार, प्रोग्रॅमला?"

"भीती वाटते?"

"वाटते. पण तू शिकवलेलं ते थोडंच काढून घेणार?" तिने त्याच्या अंगठ्याची पट्टी सारखी केली. "तुझं काय ठरलं?"

"दक्षाबेन म्हणतात, संध्याकाळी भरतीवाल्या पोरांना कॉम्प्युटर शिकव. आणि एक-दोन ठिकाणी मुलाखत आहे. बघू. हप्ता मागे पडणार नाही इतकं जमेल."

उन्हं उतरली तशी शेवटची पेंढी बांधून झाली. जयश्रीची आई, सुकी, दिवसभर त्या शहरी पोराकडे एक शब्द न बोलता बघत होती. कुठल्या वाडीचा आहे, हेही तिने विचारलं नव्हतं. आता ती पदराला हात पुसत अंगणात आली आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

"फिटलं का?"

जयश्रीने जतीनकडे पाहिलं. जतीनने जयश्रीकडे.

"नाही फिटलं," तो म्हणाला.

सुकीने मुलीकडे बघितलं. "आन तू गे?"

"नाय, आय," जयश्री म्हणाली, आणि तिचे कान तापले. "नाय फिटलं."

सुकी दोघांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडांना हळूहळू सुरकुत्या पडल्या.

"मंग परत येवा लागंल तुला, पोरा," ती म्हणाली. आणि तिने त्याच्या हातातला विळा काढून घेतला, पातं पदराला पुसलं, आणि तो कुडाच्या भिंतीत घरच्या विळ्यांशेजारी खोचून ठेवला.